चित्र त्यांचं, माल तुमचा, जोखीम कोणाची?

 

मी गेली सतरा वर्षं ब्रँड लायसन्सिंगमध्ये नोकरी करते. हे नातेवाइकांना सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे आरटीओत का?" म्हणून सुरुवात साध्या उदाहरणाने करू.

तुमच्या घरात छोटा भीमचं चित्र असलेला डबा असेल. छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनचा. राजीव चिलका यांनी निर्माण केलेला, 2008 साली पोगो चॅनेलवर आलेला. पण अशा पात्राचा डबा, बॅग, टी-शर्ट, वही हे सगळं बहुतेक वेळा पात्राची कंपनी स्वतः बनवत नाही. डबा डबेवाली कंपनी बनवते, टी-शर्ट तिरुपूरचा कारखाना शिवतो, चादर पानिपतला किंवा सुरतेला छापली जाते. चित्राचा मालक फक्त परवानगी देतो आणि विक्रीवर टक्केवारी घेतो. परवानगीला म्हणतात लायसन्स, टक्केवारीला रॉयल्टी. या दोघांच्या मधे बसून जी माणसं व्यवहार जुळवतात आणि तो दोन-तीन वर्षं चालवतात, त्यातली मी एक.

धंदा नवा नाही. बीट्रिक्स पॉटर या इंग्लिश लेखिकेने आपल्या पीटर रॅबिटच्या बाहुलीची नोंदणी 1903 सालीच करून ठेवली होती. मिकी माउस पडद्यावर आला 1928 मध्ये. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने वॉल्ट डिस्नेंना तीनशे डॉलर देऊ केले, कशासाठी, तर मुलांच्या लिहिण्याच्या वह्यांवर मिकी छापायला. 1932 मध्ये के कामेन नावाच्या गृहस्थांनी डिस्नेंचं हे काम रीतसर हातात घेतलं आणि 1933 मध्ये इंगरसोल कंपनीचं मिकीचं घड्याळ बाजारात आलं. डिस्नेंनी घड्याळाचा एक स्क्रूसुद्धा बनवला नव्हता.

आणखी एक किस्सा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. 1977 मध्ये 'स्टार वॉर्स' आला आणि अमेरिकेत वेडच लागलं. खेळणी बनवण्याची परवानगी केनर कंपनीकडे होती. पण नाताळ तोंडावर आला आणि बाहुल्या तयार नव्हत्या. मग केनरने काय विकलं? रिकामं खोकं! आत एक प्रमाणपत्र, ते पाठवा, बाहुल्या पुढच्या वर्षी घरपोच येतील. लोकांनी घेतलं. सगळे हा किस्सा हुशारीचा म्हणून सांगतात. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. सिनेमाचं वेळापत्रक वेगळं आणि कारखान्याचं वेगळं. दोन्ही जुळली नाहीत तर कोणाला तरी भुर्दंड बसतो. केनर निभावून गेली. सगळे निभावून जात नाहीत.

आता आमचं रोजचं काम कसं असतं ते सांगते. बाहेरून वाटतं, काय मजा आहे, दिवसभर कार्टून बघायची. प्रत्यक्षात दिवसातला अर्धा वेळ जातो अप्रूव्हलमध्ये.

प्रत्येक पात्राचं एक स्टाइल गाइड असतं. पात्राच्या अंगाचा रंग कुठल्या पँटोन नंबरचा, डोळे किती मोठे, कुठल्या पोझमध्ये उभं करायचं, कशासोबत कधीच दाखवायचं नाही, हे सगळं त्यात. कारखानदार आधी डिझाइन पाठवतो, ते मंजूर झालं की नमुना, नमुना मंजूर झाला की मग उत्पादन, आणि उत्पादनातले पहिले नग पुन्हा तपासायला. निळा रंग जरा हिरवट आला तर माल परत. तिरुपूरचा प्रिंटर फोनवर म्हणतो, "मॅडम, मुलाला काय कळतंय?" मुलाला कळतं हो. मुलाला सगळ्यात आधी कळतं.

इथे एक गंमत सांगते. आपल्याकडे म्हणतात, मौन म्हणजे संमती. आमच्या बहुतेक करारांत उलटं लिहिलेलं असतं. ठरलेल्या दिवसांत मालकाकडून उत्तर आलं नाही तर ते नामंजूर समजायचं. म्हणजे मालकाच्या ऑफिसातला माणूस सुट्टीवर गेला तर इकडे मशीन बंद. मग आमचं काम काय? फोन करायचा, मेल करायची, पुन्हा फोन करायचा. हे नोकरीच्या जाहिरातीत लिहीत नाहीत.

उरलेल्या वेळात रॉयल्टीचे हिशेब. दर तिमाहीला कारखानदार किती नग विकले ते कळवतो. प्रत्येक नगावर होलोग्राम लावायचा असतो. होलोग्राम किती नेले आणि विक्री किती दाखवली हे ताडून बघायचं. मालकाला वह्या तपासायचा हक्क असतो आणि तफावत फार निघाली तर तपासणीचा खर्चही सहसा कारखानदारावरच. शिवाय खेळणी असतील तर 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, तीही कागदपत्रं बघायची. आणि नकली मालाच्या तक्रारी. दिल्लीचा सदर बाजार असो की मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट, जे पात्र चालतं त्याची नक्कल आठवड्यात येते.

थोडक्यात, चित्र, रंग, कायदा, हिशेब आणि माणसं, असं पाच ठिकाणी लक्ष ठेवायचं काम आहे. मला आवडतं. पण आज मुद्दा वेगळा आहे. या धंद्यातला पैसा कोणाकडे आधी जातो आणि नुकसान कोणाकडे आधी येतं, हे मला सांगायचं आहे.

एक शब्द आहे, मिनिमम गॅरंटी. आम्ही नुसतं 'एमजी' म्हणतो. कारखानदाराने सही करताना कबूल करायचं की विक्री काहीही होवो, अमुक रक्कम रॉयल्टी म्हणून देईनच. विक्री जास्त झाली तर वरची रॉयल्टी वेगळी. कमी झाली तरी एमजी भरायचीच.

ही पद्धत मुळात अन्यायाची नाही, हे आधी सांगते. मालक एकाला बॅगांची परवानगी देतो म्हणजे बाकीच्या चौघांना नाही म्हणतो. तो एक जण परवानगी घेऊन नुसता बसून राहिला तर मालकाचं नुकसान. म्हणून काहीतरी हमी हवीच. प्रश्न आहे तो हमी किती, कधी, आणि कशावर अवलंबून.

हैदराबादजवळ बॅगा बनवणारे एक गृहस्थ आहेत. घरी मराठी, कारखान्यात तेलुगू आणि हिंदी. मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई म्हणतात. बावीस शिलाई मशीन. 2019 च्या ऑक्टोबरात त्यांनी एका ॲनिमेशन सिनेमातल्या पात्रांच्या शाळेच्या बॅगांचं लायसन्स घेतलं. सिनेमा यायचा होता 2020 च्या उन्हाळ्यात, म्हणजे शाळा उघडायच्या बरोब्बर आधी. आकडे गोल करून सांगते. एमजी बारा लाख, चार-चार लाखांच्या तीन हप्त्यांत: सहीच्या वेळी, जून 2020 मध्ये आणि जानेवारी 2021 मध्ये. रॉयल्टी आठ टक्के. करार डिसेंबर 2021 पर्यंत.

आता पेन्सिल घ्या. बारा लाख रुपये म्हणजे आठ टक्के, तर शंभर टक्के किती? दीड कोटी. बॅगेचा घाऊक भाव चारशे रुपये. दीड कोटी भागिले चारशे, साडेसदतीस हजार बॅगा. दोन हंगामांत. म्हणजे एका हंगामात पावणेएकोणीस हजार. हा हिशेब मी काकांसमोर सही करण्याआधीच मांडला होता. ते म्हणाले, "ताई, ओढाताण होईल, पण सिनेमा आला तर जमतंय." बरोबरच होतं त्यांचं. सिनेमा आला तर.

म्हणून मी करारात एक ओळ घालायचा आग्रह धरला: सिनेमा नव्वद दिवसांपेक्षा जास्त पुढे गेला तर हप्तेही तेवढेच पुढे जातील. मालकाच्या कायदा विभागाने ती ओळ काढली. कारण काय? "हे आमच्या नमुन्यात नाही." काकांसमोर दोन पर्याय होते, तशीच सही करायची किंवा रांगेतल्या दुसऱ्याला जागा द्यायची. त्यांनी सही केली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मार्च 2020. थिएटरं बंद आणि शाळाही बंद. सिनेमा नाही आणि बॅगेला गिऱ्हाईकही नाही. काकांकडे सहा हजार बॅगा शिवून तयार होत्या आणि छापलेलं कापड गठ्ठ्यांनी पडलेलं. साधं कापड असतं तर त्याच्या बाजारहाटाच्या पिशव्या शिवता आल्या असत्या. या कापडावर पात्रं छापलेली. दुसरं काही शिवलं की कराराचा भंग.

जूनमध्ये हप्त्याचं पत्र आलं. काकांनी विचारलं, "ताई, हे तर देवाच्या हातातलं संकट. करारात त्याचं कलम आहे ना?" कलम होतं. दैवी आपत्तीचं कलम बहुतेक करारांत असतं. पण ते नीट वाचायचं. आपत्ती आली तर माल वेळेवर देण्यातून सूट होती, पैसे भरण्यातून नव्हती. तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता माझी जागा समजून घ्या. आमची एजन्सी मालकाची प्रतिनिधी. मालकाला जी रॉयल्टी मिळते त्यातून आम्हाला टक्केवारी मिळते. काकांचा हप्ता पुढे ढकला असं मी मालकाला सांगते, तेव्हा माझ्याच ऑफिसची कमाई पुढे ढकलत असते. वरिष्ठ मला म्हणाले, "तू कोणाच्या बाजूची?" प्रश्न रास्त होता.

मी बाजूबद्दल बोललेच नाही. एक पानाचा तक्ता केला. डावीकडे, आज वसुलीचा तगादा लावला तर काय होईल: कारखाना बंद, पुढचे हप्ते बुडाले, आणि सिनेमा येईल तेव्हा बाजारात एकही बॅग नाही. उजवीकडे, मुदत वाढवली तर काय होईल: पैसे उशिरा पण येतील, आणि सिनेमाच्या वेळी पोरांच्या पाठीवर पात्रं दिसतील, म्हणजे फुकट जाहिरात. दोनदा व्हिडिओवर बैठक झाली. शेवटी काय मिळालं? जूनचा हप्ता सुटला नाही. काकांनी तो कर्ज काढून भरला. पण शेवटचा हप्ता जून 2022 वर गेला आणि कराराची मुदत एक वर्षाने वाढली, वेगळी रक्कम न लावता.

मुदत का महत्त्वाची? कारण करार संपला की विक्रीला थोडे महिने मिळतात आणि त्यानंतर तोच खरा, होलोग्राम लावलेला माल विकणं बेकायदा ठरतं. उरलेला माल नष्ट करायचा, वर नष्ट केल्याचा दाखला द्यायचा. मुदत वाढली नसती तर काकांनी स्वतःच्या हाताने सहा हजार बॅगा फाडल्या असत्या.

सिनेमा 2022 च्या उन्हाळ्यात आला. बॅगा विकल्या गेल्या. शेवटचा हिशेब असा: सुमारे पंधरा हजार बॅगा, साठ लाखांची विक्री, त्यावर रॉयल्टी चार लाख ऐंशी हजार. भरले बारा लाख. म्हणजे सात लाख वीस हजार रुपये अशा बॅगांची रॉयल्टी, ज्या कधी शिवल्याच गेल्या नाहीत. मधल्या काळात बावीसपैकी आठ मशीन विकली होती. ती चालवणारे कारागीर गावी गेले, त्यातले निम्मे परत आले नाहीत. कारखाना मात्र चालू राहिला. आजही चालू आहे.

मला कोणी विचारतं, यात दोष कोणाचा? साथीचा दोष कोणाचाच नाही. पण करार नीट वाचला तर दिसतं की सिनेमा कधी आणायचा हे फक्त मालकाच्या हातात होतं, आणि तो उशिरा आला तर त्याची किंमत पूर्णपणे कारखानदाराच्या खिशातून. ज्याच्या हातात निर्णय, त्याच्याकडे जोखमीचा थोडा तरी वाटा असावा, एवढंच माझं म्हणणं आहे. हे मालकाच्याही फायद्याचं आहे. बुडालेला कारखानदार पुढच्या सिनेमाला बॅगा देत नाही.

म्हणून तुमच्यापैकी जे छोटे उत्पादक आहेत, मग सोलापूरला टॉवेल करत असाल, लुधियान्याला स्वेटर, की बेळगावला आणखी काही, सहीआधी पाच प्रश्न विचारा.

एक. एमजी भरून निघायला किती नग विकावे लागतील, आणि गेल्या वर्षी मी एकूण किती विकले? पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळपास जात असेल तर थांबा.

दोन. रॉयल्टी कशावर? छापील किमतीवर की माझ्या बिलावर? परत आलेला माल आणि सूट त्यातून वजा होते का?

तीन. हप्ते माझ्या हंगामाच्या आधी आहेत की नंतर? शाळेच्या मालाचे पैसे जूननंतर हातात येतात. हप्ता मार्चचा असेल तर तो कर्जातूनच जाणार.

चार. सिनेमा पुढे गेला, मालिका बंद पडली, तर काय? हे कलम मागा. मिळेलच असं नाही. पण मागितल्याचा ईमेल जपून ठेवा. पुढे वाटाघाटीत तोच कामाला येतो. आमच्या त्या तक्त्यासोबत मी तो ईमेल जोडला होता.

पाच. मंजुरी किती दिवसांत? मौन म्हणजे नकार असेल, तर निदान उशीर झाल्यास मुदत तेवढी वाढेल असं लिहून घ्या.

आणि काही जण म्हणतील, कशाला हे सगळं, आपल्याच मनाने थोडंसं बदलून चित्र छापू. नका करू. दिल्ली उच्च न्यायालयात 1997 साली नागराज आणि नागेश या दोन कॉमिक नायकांचं भांडण गेलं होतं, आणि निकाल नागराजच्या प्रकाशकाच्या बाजूने लागला. 2010 मध्ये त्याच न्यायालयाने दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्यांच्या प्रकरणात त्यांच्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नकली ट्रेडमार्कसाठी 1999 च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

चित्रकार मंडळींनाही दोन शब्द. तुम्ही काढलेलं पात्र कोणी मालावर छापायला मागितलं, तर तोंडी होकार देऊ नका. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याप्रमाणे परवानगी लेखी हवी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. नोकरीत असताना, कामाचा भाग म्हणून काढलेलं चित्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. हे नोकरी धरतानाच विचारून घ्या. आणि कोणता माल, किती वर्षं, कुठे, हे तिन्ही लिहा. बॅगेची परवानगी म्हणजे डब्याची परवानगी नव्हे.

शेवटी, जी मुलंमुली या नोकरीत यायचं म्हणतात त्यांच्यासाठी. एमबीए असेल तर उत्तम, डिझाइन शिकला असाल तरी चालेल, कायदा शिकला असाल तर सोन्याहून पिवळं. पण मुलाखतीला मी एक साधं गणित घालते, मघाचं बॅगांचं. ज्यांना ते येतं त्यांच्यातूनही मी असा माणूस शोधते जो उत्तर काढून झाल्यावर विचारतो, "हे त्या कारखानदाराला माहीत आहे का?" पगार तुम्हाला एका बाजूकडून मिळेल. हिशेब मात्र दोन्ही बाजूंचा करता आला पाहिजे, आणि ज्याच्याकडे वकील नाही त्याला तो त्याच्या भाषेत समजावता आला पाहिजे. इथे आपल्या लोकांचा फायदा आहे. इंदूरचा मराठी माणूस हिंदीत भाव करतो, बडोद्याचा गुजरातीत, बेळगावचा कानडीत. कराराचं इंग्रजी त्या भाषेत आणायला तुमच्यासारखं माणूस लागतं.

पुढच्या शाळेच्या हंगामाचे करार साधारण दिवाळीच्या आसपास होतात. तुमच्या ओळखीत कोणी सही करायला निघालं असेल तर त्यांना हे पाच प्रश्न पाठवा, आणि सही करायच्या आदल्या दिवशी त्यांच्याशेजारी पेन्सिल घेऊन बसा.